नाचाच्या गाण्यांचे धनी

विजयादशमीच्या दुपारी म्हैसूरच्या राजवाड्यातून निघालेली जंबूसवारी, म्हणजे दसऱ्याची मिरवणूक, कृष्णराज चौक ओलांडून ज्या रस्त्याने बन्नीमंटपाकडे जाते, त्या रस्त्याला बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांचे नाव आहे. आणि त्या सयाजीराव रस्त्यावरून सोन्याच्या अंबारीपुढे चालणारे कंसाळेवाले, डोळ्ळु बडविणारे धनगर, नंदीध्वज पेलणारे शिवभक्त, पोलिसांचा बँड आणि चित्ररथांवरच्या ध्वनिवर्धकांतून उसळणारी चित्रपटगीते हे सारे एकापाठोपाठ एक कानांवर पडू लागले, म्हणजे दोन-अडीच शतकांच्या नृत्यसंगीताचा एक प्रचंड संग्रहच आपल्यासमोर उलगडत चालला आहे, असे वाटल्यावाचून राहत नाही. या संग्रहाला फेरिस्त मात्र नाही. कोणते गाणे कोणी रचले, चाल कोणाची, प्रथम गायिले कोणी आणि कोणत्या साली, याचा अक्षरभरही तपशील त्या लक्षावधी प्रेक्षकांपर्यंत पोहोचत नाही. आणि जी गोष्ट दसऱ्याच्या मिरवणुकीची, तीच आपल्या मराठी मुलखातल्या गणेशोत्सवाची, लग्नाच्या वरातीची आणि भ्रमणध्वनीवर अखंड वाहणाऱ्या गीतमालिकांची.

नाचाचे गाणे हे दोन घटकांच्या करमणुकीचे साधन, त्याचा इतिहास तो काय लिहायचा, असे मानण्याची आपल्या सुशिक्षित वर्गाला फार जुनी सवय आहे. ख्यालगायकाची वंशावळ आम्ही सात पिढ्यांपर्यंत सांगतो. पण ज्या गाण्यावर अवघे गाव नाचले, त्याच्या कवीचे नाव विचारले तर गप्प बसतो. मला हा अन्याय वाटतो, आणि नृत्यगीतांचे संग्रह काढणारांनी तो अधिक गडद केला आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

अशी गाणी एकत्र गुंफण्याची कल्पना ध्वनिमुद्रणाच्या यंत्राबरोबर विलायतेहून आली, असा सर्वसाधारण समज आहे. तो निराधार आहे, आणि त्याचा सर्वांत सबळ दाखला आपल्याच भाषेत पडून आहे. तंजावरच्या भोसले घराण्यातील दुसरे सरफोजीराजे, ज्यांची कारकीर्द 1798 ते 1832 अशी होती, त्यांच्या नावावर ‘कोरव्यांचे साहित्याचे जिन्नस’ या शीर्षकाचे मराठी नृत्यसाहित्य आहे. तेथील सरस्वती महाल ग्रंथालयाने ते छापून प्रसिद्धही केले आहे. त्यांतील एकेक निरूपण म्हणजे एकच कथावस्तू घेऊन जयजय आणि शरणु यांपासून आरंभ करून अलारु, सोल्लु, शब्द, वर्ण, पद, स्वरजती, तिल्लाना, जक्किणी, प्रबंध अशा पायऱ्या चढत मंगळापर्यंत पोहोचणारी अठरा नृत्यरचनांची मालिका होय. कोणत्या रचनेनंतर कोणती यावी, नर्तकीला दम घेण्यास अवकाश कोठे मिळावा, शुद्ध नृत्य कोठे थांबावे आणि अभिनय कोठे सुरू व्हावा, याचा जो विचार त्या अनुक्रमात आहे, त्याला आजच्या भाषेत अल्बम म्हणण्यास कोणाची हरकत असू नये. याच दरबारी पोसल्या गेलेल्या चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलू या चौघा बंधूंनी भरतनाट्याच्या प्रयोगाचा जो क्रम बांधून दिला, तो आजही रंगमंचावर चालू आहे. आणि त्यांतील थोरला चिन्नय्या म्हैसुरास येऊन मुम्मडी कृष्णराज वाडियार यांच्या पदरी राहिला.

अशा रीतीने मराठी राजाच्या आश्रयाने घडलेली नृत्यसंगीताची शिस्त कन्नड राजाच्या दरबारी आली, रुजली आणि तिला येथील स्वतंत्र वळण मिळाले. जावळी नावाचा जो शृंगारिक, चटकदार, लगेच ओठांवर बसणारा गीतप्रकार एकोणिसाव्या शतकात दक्षिणेत लोकप्रिय झाला, त्याच्या बाल्यावस्थेशी म्हैसूरच्या दरबाराचे नाव निगडित आहे. जट्टी तायम्मा यांनी ती परंपरा सांभाळली आणि त्यांच्या शिष्या के. वेंकटलक्षम्मा यांना 1939 साली दरबारच्या आस्थान-विदुषीचे पद मिळाले. वेंकटलक्षम्मा पुढे म्हैसूर विद्यापीठात नृत्य शिकवीत, 1992 साली पद्मभूषण झाल्या आणि 2002 साली वारल्या. त्यांनी कोणाकडून कोणती रचना घेतली, हे आज सांगता येते, कारण गुरूचे नाव घेतल्याशिवाय रचना पुढे द्यायची नाही, हा त्या विद्येचा शिरस्ताच होता. त्या परंपरेतील रचनाकार आपल्या रचनांत नाममुद्रा गुंफून ठेवीत. म्हणजे गाणे कोठेही गेले तरी धन्याचे नाव त्याच्या अंगावरच राहावे, अशी ती तजवीज होती.

यंत्रयुगात ही तजवीज कशी झाली, याची गोष्टही म्हैसूरच्या मातीत येऊनच संपते. 1902 सालच्या नोव्हेंबरात कलकत्त्यास फ्रेड गायस्बर्ग या तंत्रज्ञाने ग्रामोफोन कंपनीसाठी हिंदुस्थानातील पहिल्या व्यावसायिक तबकड्या मुद्रित केल्या, तेव्हा आघाडीच्या कलावतींत गौहरजान होती. तवायफांच्या परंपरेत वाढलेली, नृत्य आणि गायन दोहोंत निष्णात अशी ही स्त्री. तिला तीन मिनिटांच्या आत राग, बंदिश आणि तान बसवायची होती, आणि ते अवघड काम तिने अशा सफाईने केले की पुढच्या पिढीतील गायकांनी तीन मिनिटांचा तो घाटच उचलला. त्या तबकड्यांच्या शेवटी, स्वर विरतो न विरतो तोच, काहीशा चढ्या आवाजात ती आपले नाव इंग्रजीतून सांगते. कारण अगदी व्यवहाराचे होते. मुद्रित झालेल्या प्रती जर्मनीतील हॅनोव्हरला जात, तेथे तबकड्या छापल्या जात, आणि हिंदुस्थानी भाषेचा गंधही नसलेल्या तेथील कामगारांना मधल्या कागदावर कोणाचे नाव घालावे, हे कळण्यास दुसरा मार्ग नव्हता. परंतु ज्या पेशाच्या स्त्रियांची कला सर्वांना हवी असे आणि नाव उच्चारण्याचा संकोच वाटे, त्या पेशातल्या एका स्त्रीचे नाव खुद्द तिच्याच तोंडून, तिच्याच गाण्याला जोडून, कायमचे मेणात कोरले गेले, ही घटना मला आपल्या संगीताच्या इतिहासातील फार मोठी घटना वाटते.

हीच गौहरजान, वैभव ओसरल्यावर, 1928 साली नाल्वडी कृष्णराज वाडियार यांच्या बोलावण्यावरून म्हैसुरास आली. दरबाराने तिला दरमहा पाचशे रुपयांचा तनखा बांधून दिला. आणि 17 जानेवारी 1930 रोजी याच शहरात तिचा अंत झाला. तिच्या तबकड्या आज संगणकावर कोणालाही ऐकता येतात. ज्यांना ठुमरीतले काही कळत नाही, त्यांनाही शेवटचे ते नाव कळते.

वाडियार घराण्यातील पुढच्या पिढीनेही हा धडा जाणला होता. जयचामराजेंद्र वाडियार, जे स्वतः चौऱ्याण्णव कृतींचे रचनाकार होते, त्यांनी लंडनमध्ये विपन्नावस्थेत दिवस काढणाऱ्या निकोलाय मेट्नर या रशियन संगीतकाराच्या रचना स्वतःच्या द्रव्याने मुद्रित करविल्या आणि ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ने त्या ‘मेट्नर सोसायटी’ या नावाने संचरूपाने काढल्या. ते नृत्यसंगीत नव्हे, हे मी जाणतो. पण संग्रह कोणाच्या नावाने काढावा, याविषयी त्या राजाची दृष्टी किती स्वच्छ होती, ते त्यावरून दिसते.

नभोवाणीचा विषय निघाला की म्हैसूरकराची मान ताठ होते, आणि ती ताठ व्हावी अशीच ती हकीकत आहे. महाराजा कॉलेजातील मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी 1935 साली आपल्या राहत्या घरी खासगी प्रक्षेपणकेंद्र सुरू केले आणि त्याला आकाशवाणी हे नाव दिले. पुढे तेच नाव सबंध देशाच्या नभोवाणीने धारण केले. गाणे लावण्यापूर्वी चित्रपट, गायक, गीतकार आणि संगीतकार यांची नावे सांगण्याची जी रीत विविध भारतीने 1957 पासून आजतागायत चालविली आहे, तिचे ऋण आपण पुरेसे मानीत नाही. माझ्या पिढीतील कित्येकांना शाळेत कवी शिकविले गेले आणि ते विसरले. शकील, साहिर, जगदीश खेबुडकर, ग. दि. माडगूळकर ही नावे मात्र कोणी न शिकविता पाठ झाली, ती निवेदकाच्या त्या दोन वाक्यांमुळे.

कॅसेटच्या युगाचा आरंभही कर्नाटकात मोठ्या सुसंस्कृतपणे झाला. के. एस. निसार अहमद यांच्या कवितांची, म्हैसूर अनंतस्वामी यांनी चाली दिलेली ‘नित्योत्सव’ ही कॅसेट 1978 साली निघाली, आणि कन्नड भावगीतांची ती पहिलीच कॅसेट म्हणून ओळखली जाते. कवीचे नाव, संगीतकाराचे नाव, दोन्ही ठसठशीत. पुढे 1987 च्या ‘प्रेमलोक’ चित्रपटाने कन्नड तरुणांना अकरा गाण्यांवर नाचविले, तेव्हा शब्द आणि स्वर दोन्ही ज्यांचे होते ते हंसलेखा घरोघर नावाने ओळखले जाऊ लागले. या दोघांचा म्हैसूरने केलेला सन्मान मला विशेष अर्थपूर्ण वाटतो: चामुंडी टेकडीवर दसऱ्याचे उद्‌घाटन 2017 साली निसार अहमदांच्या हस्ते झाले आणि 2023 साली हंसलेखांच्या हस्ते. ज्या पीठावरून राजे आणि मुत्सद्दी बोलत आले, तेथे नाचाची गाणी लिहिणाऱ्या माणसाला मानाने उभे करणारे शहर त्याच उत्सवातील गाण्यांना बेवारस ठेवते, ही विसंगती दूर व्हावी, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

बेवारसपणा कोठून सुरू झाला, याचा शोध घेतला तर तो थेट स्वस्त कॅसेटीच्या धंद्यापाशी जाऊन पोहोचतो. 1957 च्या प्रताधिकार कायद्यातील बावन्नाव्या कलमान्वये एखाद्या गाण्याचे पहिले मुद्रण झाल्यावर, नोटीस देऊन आणि ठरलेला मोबदला भरून, दुसऱ्या कोणालाही ते नव्याने मुद्रित करता येत असे. आणि 1980 नंतरच्या काळात या सवलतीचा भरपूर उपयोग होऊन जुनी गाणी नव्या गळ्यांतून, वर ढोलकी-ड्रमचा जादा ठेका चढवून, बाजारात ओतली गेली. महाराष्ट्रात लावण्या, कोळीगीते आणि लग्नाची गाणी यांच्या ‘नॉनस्टॉप’ कॅसेटी निघाल्या. त्यांपैकी एखादी अजून कोणाच्या घरी असेल तर तिच्या डबीतला कागद उलगडून पाहावा: पुढच्या बाजूस नऊवारीतील अनामिक नर्तकीचे चित्र, मागच्या बाजूस कंपनीचे नाव, पत्ता आणि नक्कल करणारावर खटला भरण्याची तंबी, आतल्या गाण्यांचे पहिले शब्द एका ओळीत, स्वल्पविरामाने जोडलेले, आणि लावणी कोणाची, ढोलकी कोणाची, मूळ कोणाच्या आवाजात गाजली, या बाबींना जागाच ठेवलेली नाही. सुलोचना चव्हाण यांच्या कंठाने अजरामर झालेल्या लावण्या अशा कॅसेटींतून दुसऱ्याच कोणाच्या आवाजात ऐकत एक पिढी वाढली. राम कदम यांच्या चाली ऐकल्या, पण राम कदम हे नाव ऐकले नाही.

अखंड ठेक्याचा मोह मी समजू शकतो. नाचणाऱ्याचा पाय मध्येच थांबला तर रंगाचा बेरंग होतो, म्हणून एका गाण्याच्या शेवटात दुसऱ्याचा आरंभ मिसळण्याची युक्ती निघाली. ती युक्ती वाईट नाही, आणि ती उत्तम साधणारे कुशल लोक आहेत, हेही मला मान्य आहे. विलायतेत 1983 पासून गाजलेल्या गाण्यांची ‘नाऊ’ नावाची संकलनमाला अव्याहत निघत आहे. ती सर्वस्वी व्यापारी आहे, तरीही तिच्या वेष्टनावर प्रत्येक गाण्याशेजारी गायकाचे नाव छापले जाते. म्हणजे धंदा आणि नामनिर्देश यांचे वैर आहे, असे म्हणण्यास आधार नाही. शेजारच्या कोडगू प्रांतातील घराण्यात, बंगळुरास जन्मलेला बिद्दू विलायतेस गेला, तेथे त्याने ‘कुर्बानी’चे डिस्को गाणे आणि 1981 चा ‘डिस्को दीवाने’ हा नाझिया हसनचा अल्बम घडविला, आणि त्याचे नाव आज आपल्याला ठाऊक आहे, ते त्या तबकडीच्या वेष्टनामुळेच.

कोणी म्हणेल की लोकगीताला धनी कोठे असतो? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर म्हैसूरपासून जवळच सापडते. चामराजनगर जिल्ह्यातील मलै महादेश्वराच्या डोंगरावर जाणारे भक्त, कंसाळे, म्हणजे काशाच्या दोन चकत्या, आपटीत आणि अंग गरगर फिरवीत जी गीते गातात, त्या परंपरेतील एक गीत महाशिवरात्रीच्या एका उत्सवात अनन्या भट्ट या म्हैसूरच्या गायिकेने गायिले आणि ते देशभर पसरले. 2021 च्या ‘गरुड गमन वृषभ वाहन’ या चित्रपटात त्यावर नायकाने केलेले नृत्य तर कन्नड न जाणणारांनीही पाहिले. तेथून ते गीत वरातीत आणि मद्यगृहांत जाऊन पोहोचले. त्याचा कवी सांगता येत नसेल. पण ते कोणत्या देवाचे, कोणत्या डोंगराचे, कोणत्या जातीजमातींनी पिढ्यान्‌पिढ्या कंठात जपलेले, हे तर सांगता येते! तेवढे सांगितले असते तरी कंसाळेची दोरी बोटाला गुंडाळून अनवाणी चालणाऱ्या त्या माणसाचा हक्क मान्य झाला असता. पारंपरिक हा एकच शब्द लिहून मोकळे होणे, ही मला आळसाची परिसीमा वाटते.

कायद्याने काहीच केले नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. 2012 च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकार यांचा स्वामित्वधनाचा हक्क असा बांधून दिला की तो त्यांना निर्मात्याला लिहून देताच येऊ नये. नव्या मुद्रणासाठी दोनांऐवजी पाच वर्षांची मुदत घातली. आणि वेष्टनावर ही नवी आवृत्ती आहे असे स्पष्ट छापण्याची सक्ती केली. परंतु त्याच कायद्याचे एक कलम पाहा. ध्वनिमुद्रणावर कोणता तपशील असलाच पाहिजे, हे सांगणारे बावन्न-अ हे कलम मुद्रण करणाराचे नाव-पत्ता, स्वामित्व धारण करणाराचे नाव-पत्ता आणि प्रथम प्रसिद्धीचे साल एवढ्याच गोष्टी मागते. कवी, संगीतकार, गायक, वादक यांचा त्यात उल्लेख नाही. लेखकाला आपले कर्तृत्व सांगण्याचा नैतिक हक्क सत्तावन्नाव्या कलमाने दिलेला आहे खरा, पण तो बजावायचा तर त्याने किंवा त्याच्या वारसांनी न्यायालयाची पायरी चढायची. तमाशाच्या फडासाठी लावणी लिहून देणाऱ्या शाहिराच्या नातवाकडून ही अपेक्षा करणे म्हणजे हक्क नाकारण्यासारखेच आहे. मालकाचे नाव सक्तीचे आणि रचणाऱ्याचे ऐच्छिक, हा क्रम उलटा झाला पाहिजे. निदान दोघांना एका पंक्तीत तरी बसविले पाहिजे.

याबाबतीत खासगी प्रयत्नांनी जे साधले आहे, ते सरकारी दप्तरांना लाजविणारे आहे. मुंबईस 1990 साली स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ या मंडळाने, आणि त्यात सुरेश चांदवणकर यांच्यासारख्या मराठी अभ्यासकाने, जुन्या बाजारांतून तबकड्या गोळा करून, मधल्या कागदावरील क्रमांक, कलावंत, साल यांची रुजुवात घेऊन, ती माहिती आपल्या नियतकालिकातून प्रसिद्ध केली. असे काम कॅसेटींच्या बाबतीत अद्याप व्हायचे आहे, आणि विलंबास जागा नाही. कारण तबकडी शंभर वर्षे टिकते, कॅसेटची फीत मात्र बुरशी धरते आणि तिच्या डबीतला कागद तर त्याआधीच हरवतो.

आजच्या गीतमालिकांची गोष्ट वेगळी आहे, कारण तेथे जागेची अडचण ही सबबच उरलेली नाही. संगणकीय ध्वनिफितीत गीतकार, संगीतकार, वादक, साल, सगळ्यांसाठी रकाने असतात. ते रिकामे राहतात किंवा चुकीचे भरले जातात, याला निव्वळ बेपर्वाई कारणीभूत आहे. ‘सैराट’मधील अजय-अतुल यांच्या बेभान नृत्यगीताचे उदाहरण घ्या: 2017 साली ‘मनसु मल्लिगे’ या कन्नड चित्रपटातून तीच चाल कन्नड शब्दांसह इकडे आली, आणि म्हैसूर-मंड्याकडच्या लग्नांत आजही ती वाजते, पण ही चाल एका मराठी बंधुद्वयाची, हे त्यावर नाचणाऱ्या मुलांना कोणी सांगितलेले नसते, आणि पुण्याच्या वरातीत वाजणाऱ्या कन्नड वा तमिळ गाण्याविषयी आपल्या मुलांचे अज्ञानही तितकेच असते. दोन शेजारी भाषा एकमेकींच्या ठेक्यावर नाचतात आणि एकमेकींची नावे घेत नाहीत, हे सरफोजी आणि चिन्नय्या यांच्या वारसांना शोभत नाही.

तेव्हा दसऱ्याचा बंदोबस्त पाहणाऱ्या म्हैसूर जिल्हा प्रशासनास माझी जाहीर विनंती अशी की, युवा दसऱ्यात, म्हणजे उत्सवातील तरुणांच्या गाण्यांच्या कार्यक्रमात, जो 2024 साली महाराजा कॉलेजच्या मैदानावरून शहराबाहेर उत्तनहळ्ळीस नेण्यात आला आणि जेथे ए. आर. रहमान, इळैयराजा यांच्यासारखे थोर संगीतकार येऊन गेले, त्या व्यासपीठावर गायिल्या जाणाऱ्या प्रत्येक गाण्याचा कवी, संगीतकार आणि साल मागच्या पडद्यावर दाखविण्याची अट करारातच घालावी, आणि चित्ररथ मंजूर करताना त्यावर वाजणाऱ्या गाण्यांची यादी मागवून ती विद्यापीठाच्या ग्रंथालयात दाखल करावी. खर्च जवळजवळ काहीच नाही. येथील मराठी मंडळींनी, आणि महाराष्ट्रातील प्रत्येक गणेशमंडळाने, नाचासाठी गाण्यांची मालिका बांधून घेताना ध्वनियोजकाकडून हीच यादी मागून घ्यावी आणि मंडपाच्या दर्शनी भागी लावावी. वाचकांपैकी ज्यांच्या माळ्यावर जुन्या लावण्यांच्या, कोळीगीतांच्या वा भावगीतांच्या कॅसेटी पडून आहेत, त्यांनी त्या भंगारात देण्यापूर्वी डबीतल्या कागदांची तेवढी छायाचित्रे काढून एखाद्या संग्राहकाकडे किंवा ग्रंथालयाकडे पाठवावीत. हे काम येत्या दसऱ्याच्या आत सुरू करता येईल.